मंजुषाचं रक्त

सेलू
१५ नोव्हेंबर १९९६

सौ. भागीरथाबाईंना सुमित्राबाईचा नमस्कार.

नमस्कार लिहिला तो रीत म्हणून. मनात सध्या नमस्कार करण्यासारखं काही नाही, आणि नसलेलं आहे असं दाखवायची मला सवय नाही.

हेमराज तुमच्याकडची दिवाळी आटोपून परवा परत आला. तुम्ही त्याला पाटावर बसवून ओवाळलंत, घड्याळ दिलंत, अनारसे आग्रहाने वाढलेत, सगळं त्याने सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, मंजुषा गोळ्या घेते का? दोनदा विचारल्यावर म्हणाला, "डबा फडताळात होता आई. उघडून पाह्यला तर जसाच्या तसा भरून हाय." बायकोच्या माहेरी तोंड उघडायची त्याची छाती झाली नाही, म्हणून माझ्यापुढे येऊन उघडलं. त्याचं मी नंतर पाहीन.

दसऱ्यानंतर सातव्या महिन्याची ओटी भरून मी सुनेला पहिल्या बाळंतपणासाठी तुमच्याकडे पाठवली, तेव्हा तो डबा तिच्या हातात दिला नव्हता, तुमच्या हातात दिला होता. लाल गोळ्या लोहाच्या, पांढऱ्या कॅल्शियमच्या. तुम्हाला ओसरीवर बसवून समजावलं होतं की मुलीच्या अंगात रक्त कमी आहे, पाचव्या महिन्यात तपासलं तेव्हा आठाच्याही खाली होतं, आणि बाळाची हाडं आणि रक्त आईच्याच अंगातून जातं. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी शब्दाला शब्द तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. ती कशासाठी हलवलीत ते आता मला कळवा.

इथे असताना रोज सकाळी मी तिच्यासमोर बसून गोळ्या गिळायला लावत होते. ती नाक मुरडायची, मी हटत नव्हते. मळमळू नये म्हणून दाट दुधाचा कपभर चहा करून द्यायची. दोन्ही गोळ्या एकदम तोंडात आणि वरून चहा. एक दिवस चुकू दिला नाही. आमचे हे दुकानातून आत येऊन म्हणायचे, "सुमित्रा, तू पोरीवर पोलिसासारखी काऊन बसली राह्यतं?" मी म्हणायची, बसते, कारण दुसरं कोणी बसणार नाही. माझं म्हणणं खरं निघालं.

तुम्ही तिच्या सख्ख्या आई आहात. शेजारणीने असं केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. हे पत्र तानबा दूधवाल्याच्या हाती देते आहे. उत्तर त्याच्याच हाती पाठवा.

सुमित्रा



केळझर
१७ नोव्हेंबर १९९६

सुमित्राबाईंना भागीरथाचा नमस्कार, तोही रीत म्हणूनच.

तानबाने पत्र चार बायांसमोर माझ्या हातात दिलं आणि सेलूच्या विहीणबाई काय म्हणतात म्हणून विचारलं. दिवाळीची विचारपूस केली आहे, असं मी सांगितलं. तुमची अब्रू मी राखली, एवढं लक्षात असू द्या.

मंजुषा तुमची सून दीड वर्षापासून आहे. माझी मुलगी ती बावीस वर्षांपासून आहे. तुम्ही तिला माझ्याकडे बाळंतपणासाठी पाठवलंत की तुमच्या दुकानातला माल माझ्याकडे ठेवायला दिलात? उघडून बघायला जावई पाठवला, बरं केलंत. आता माझंही ऐका. गोळ्या मीच बंद केल्या. चोरून नाही, उघड केल्या.

इथे आल्यावर तीन दिवस मी दिल्या. चौथ्या दिवशी पोरीला काळं काळं शौचाला झालं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पोटात काय जळत असेल त्याशिवाय माणसाला असं होत नाही. तोंडाला सारखी लोखंडाची चव, अन्नाचा वास नको. तिच्या पोटात अन्न जाऊ द्यायचं की तुमचा डबा रिकामा करायचा? आम्ही शेतीवाली माणसं. घरची म्हैस आहे, ज्वारीची भाकर आहे, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तीळ, गूळ. माझी चार बाळंतपणं याच घरात याच अन्नावर झाली आणि आनंदाबाई दाईनेच केली. तिलाही मी डबा दाखवला. ती म्हणाली, "गोळ्यांनी पोटातलं पोर फुगते भागीरथा. मंग ते निंघन कसं?" तिने या गावातली अर्धी पोरं हातावर घेतली आहेत. तुमच्या डॉक्टरीणबाईंना स्वतःचं मूल आहे का, तेही विचारून घ्या.

पोरगी इथे सुखात आहे. दिवसभर चुलीपाशी बसून असते, चूल सारवते, भिंतीला पोतेरं देते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. तुमच्या घरी तिला चुलीला हातही लावू देत नव्हते म्हणे, गॅस आहे ना तुमच्याकडे.

लग्नाच्या पंगतीत तुम्ही माझ्या पुरणपोळीला नावं ठेवली होती. तेव्हा मी गप्प बसले, कारण माझी मुलगी तुमच्या दारात उभी होती. आता ती माझ्या दारात आहे.

भागीरथा



सेलू
१९ नोव्हेंबर १९९६

भागीरथाबाई,

पुरणपोळीला तूप कमी होतं, ते आजही कमीच होतं. पण मी पुरणपोळीसाठी लिहायला बसलेली नाही.

काळं होतं ते गोळीमुळेच होतं. अंगात मुरून उरलेलं लोखंड बाहेर पडतं, म्हणून रंग येतो. पोटात काही जळत नाही. हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि इथेही तिला तसंच व्हायचं. तुम्ही मला विचारलं असतं तर मी दोन ओळीत सांगितलं असतं. पण विचारलं तर तुमचा मान जातो ना. तुमचा मान राखायला माझ्या सुनेने रक्त द्यायचं, असा तुमचा हिशोब दिसतो.

आणि बाळ पोटात वाढतं म्हणून तुम्हाला भीती. अहो, बाळ पोटात वाढायचं नाही तर कुठे वाढायचं? मोठं होईल म्हणून आईला उपाशी ठेवायचं, ही कुठली अक्कल? गोळीने बाळ फुगत नाही. त्याला जेवढं हवं तेवढं ते आईच्या अंगातून ओढून घेतं. अंगातच नसेल तर दोघंही कोरडी राहतात.

काळं पाहायला तुम्हाला सवड मिळाली. आता एक करा. मंजुषाला उजेडात बसवा, तिची खालची पापणी बोटाने खाली ओढा आणि आतला रंग बघा. लाल दिसला तर मी तुमची माफी मागते, चार बायांसमोर मागते. पांढरा दिसला तर रविवारी हेमराज जीप घेऊन येतो आहे, तिला पाठवून द्या. माहेरचं बाळंतपण वगैरे मला काही ऐकायचं नाही. लोक काय म्हणतील ते मी बघून घेईन.

सुमित्रा



केळझर
१ डिसेंबर १९९६

सुमित्राबाई,

मागच्या रविवारी तुमच्या मुलाला मी ओसरीवरून परत पाठवलं. चहा पाजला आणि परत पाठवलं. आठव्या महिन्यात कोणी बाईला जीपमध्ये घालून खड्ड्याखड्ड्यांतून हलवत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल असं मी मानत नाही. रागाच्या भरात तेवढंही सुटलं तुमच्या ध्यानातून. आमचे यजमान किसनराव मला म्हणाले, पाठवून दे, भांडण नको. मी त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

पापणी मी पाहिली. पांढुरकी आहे. माझीही पाहिली आरशात, तशीच आहे. माझ्या सासूचीही तशीच होती. आमच्या घरात बायांची तशीच असते आणि आम्ही पहाटेपासून दिवे लागेपर्यंत वावरात राबतो. तुम्हाला ते आजारपण वाटतं. आम्हाला ते बाईपण वाटतं.

आता लिहिणार नव्हते ते लिहिते, म्हणजे तुम्ही मला अडाणी म्हणणं थांबवाल. मला मंदा नावाची धाकटी बहीण होती. पुलगावला दिली होती, नवरा गिरणीत होता. एकाहत्तर साल. तिच्या घरचे हौशी. पोटुशी राहिली तशी तिला टॉनिकच्या बाटल्या आणून पाजायला लागले, रोज दोन चमचे, चार महिने. सगळे म्हणत, बाळ गुटगुटीत होणार. बाळ गुटगुटीतच होतं. दोन दिवस अडलं. मी तिच्या उशाशी होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "बाई, मले आता जोर नाई लावता येत." त्यानंतर ती काही बोलली नाही. दोघांनाही एकाच दिवशी नेलं. दाईने मला बाजूला घेऊन सांगितलं की पोर मोठं होतं, टॉनिकने वाढवलं.

मंजुषाच्या अंगाचा बांधा हुबेहूब मंदाचा आहे. तुम्ही डबा हातात दिलात तेव्हा मी मान हलवली, कारण चार माणसांत मला हे सांगता आलं नाही. घरी आल्यावर तीन दिवस तुमचा शब्द म्हणून दिल्या, आणि तीन रात्री मला मंदा दिसली. पंचवीस वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नाही, मंजुषालाही नाही. तुम्हाला रागाने सांगते आहे. आता म्हणा काय म्हणायचं ते.

भागीरथा



सेलू
५ डिसेंबर १९९६

भागीरथाबाई,

मंदाबाईंचं वाचलं. वाचून पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा उचलून वाचलं. एवढं खरं लिहिते.

पण माझा राग त्याने गेलेला नाही. मंगळवारी मी वर्ध्याला गेले, एकटी गेले, आणि डॉक्टरीणबाईंना तुमचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, बहिणीचं वय किती होतं? एकाहत्तर साली मंदाबाई तुमच्या पाठची, म्हणजे सोळा-सतरा असेल, असं मी अंदाजाने सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या वयात कमरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, बाळ लहान असलं तरी अडतं. टॉनिकचा दोष नव्हता. वेळेवर दवाखान्यात पोचली असती तर वाचली असती. हे तुम्हाला ऐकवत नसेल, पण पंचवीस वर्षं तुम्ही चुकीच्या गोष्टीला धरून बसलात आणि आता त्यात माझ्या सुनेला ओढता आहात.

त्यांनी सांगितलेलं खाली लिहिते. तसंच करायचं. लाल गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबाच्या पाण्यासोबत. चहासोबत अजिबात नाही. चहा लोह पोटात मुरू देत नाही. पांढरी गोळी त्याच वेळी द्यायची नाही, निराळ्या वेळी द्यायची, कारण दोन्ही सोबत गेल्या की एक दुसरीला अडवते. चुकीच्या पद्धतीने दिलेली गोळी न दिल्यासारखीच असते, हे ध्यानात ठेवा.

नववा लागला की तिला तपासायला वर्ध्याला आणा. मी तिथे दवाखान्यात उभी राहीन, तुमच्याशी बोलणार नाही, तुम्हाला त्रास होणार नाही.

सुमित्रा



केळझर
७ डिसेंबर १९९६

सुमित्राबाई,

तुमचं पंधरा तारखेचं पत्र समोर ठेवून लिहिते आहे.

त्यात तुमच्याच अक्षरात आहे: दोन्ही गोळ्या एकदम तोंडात आणि वरून चहा. एक दिवस चुकू दिला नाही. आणि परवाच्या पत्रात लिहिता की चहासोबत अजिबात नाही, दोन्ही एकदम नाही, तशी दिलेली न दिल्यासारखीच. हे मला शिकवता? मी कधी चहासोबत दिल्या होत्या? चहा तुमचा, कप तुमचा, पुढ्यात बसून गिळायला लावणाऱ्या तुम्ही. महिनोनमहिने तुम्ही तिच्यावर पोलिसासारख्या बसलात आणि काय दिलंत? काही नाही. मी नाही दिल्या म्हणून माझ्या नावाने शंख केलात, दारात जीप पाठवलीत. तुमच्या घरून माझ्या घरी आली तेव्हाच ती रिकामी होती.

डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही मान खाली घातली असेल. मग ते मला सरळ लिहायचं सोडून, जसं काही माझीच चूक होती अशा थाटात लिहून पाठवलंत. मला अडाणी म्हणा, मी आहे. पण मी मंदाचं तुमच्यापासून लपवलं नाही. तुम्ही चहाचं लपवलंत.

आता माझा कशावरच विश्वास नाही. तुमच्या गोळ्यांवर नाही, तुमच्या लिंबाच्या पाण्यावर नाही. आनंदाबाई येऊन पोट पाहून गेली, बाळ लहान आहे म्हणाली, सोपं निघेल. मला तेवढं पुरे. बाळंतपण इथेच होईल. यानंतर तानबाच्या हाती कागद पाठवू नका, मी घेणार नाही.

भागीरथा



वर्धा
१६ डिसेंबर १९९६

माय आणि आई,

हे एकच पत्र मी दोनदा लिहिते आहे, एक केळझरला आणि एक सेलूला. दोन्हीत एक शब्दही कमी-जास्त नाही, जुळवून पाहायचं असेल तर पाहा.

मी वर्ध्याला दवाखान्यात आहे. माय, तुला न सांगता निघाले, कारण सांगितलं असतं तर तू उंबरठ्यावर आडवी झाली असतीस. सात तारखेला मी विहिरीपाशी पडले. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बादलीसकट खाली बसले. मी तुला म्हटलं, "माय, मले चक्कर येऊन राह्यली." तू म्हणालीस, दिवस भरत आले की येतच असते. मग तू आत जाऊन आईंच्या पत्राला काय उत्तर दिलंस ते मला वाचून दाखवायला लागलीस. मला तेव्हा श्वास पुरत नव्हता आणि तू विचारत होतीस, कसं लिहिलं आहे?

दुसऱ्या दिवशी मी तानबाजवळ यांच्या नावाने चिठ्ठी दिली. लिहिलं की उद्या सकाळी सातच्या बसला केळझरच्या स्टँडवर या, आणि नाही आलात तर मी एकटी जाईन. हे आले. भरलेला डबा पाहून एक शब्द न बोलता परत जाणारा माणूस या वेळी आला, तेवढंच त्यांच्या बाजूने सांगता येईल.

रक्त सहावर आलं आहे. डॉक्टरीणबाई रागावल्या, माझ्यावर नाही. दोन बाटल्या रक्त चढवलं, त्यातली एक यांची. पोटावर टेप लावून मोजलं तर बाळ महिनाभर मागे आहे. तुझी आनंदाबाई म्हणाली ना माय, लहान आहे, सोपं निघेल. ते सोपं नाही. ते भुकेलं आहे.

मग डॉक्टरीणबाईंनी मला एक प्रश्न विचारला. म्हणाल्या, अन्नाशिवाय दुसरं काही खावंसं वाटतं का, माती, खडू असं? मला रडू आलं. डोहाळजेवणात तुम्ही दोघींनी माझ्यापुढे झाकलेल्या वाट्या धरल्या होत्या, पेढा उघडते की बर्फी म्हणून सगळ्या बाया हसत होत्या. तो खेळ होता. खरा प्रश्न मला पहिल्यांदा एका परक्या बाईने विचारला. मी सांगितलं. पाचव्या महिन्यापासून मी सेलूला दुकानातल्या पाटीच्या पेन्सिली खात होते, दिवसाला सात-आठ. बाबांना वाटायचं उंदीर नेतात. केळझरला आले तर पेन्सिली नाहीत, म्हणून चुलीची भाजकी माती. माय, तू सगळ्यांना सांगत होतीस की पोरगी कामसू आहे, सारखी चूल सारवते. मी खात होते ती, आणि खाल्लेलं दिसू नये म्हणून वरून सारवत होते. लाज वाटत होती. अंगातलं लोह संपलं की अशी ओढ लागते, आणि ती माती उरलंसुरलंही मुरू देत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे मी वेडी नव्हते. एवढं कोणी आधी सांगितलं असतं तर मी चोरासारखी खाल्ली नसती.

आई, तुम्ही रोज समोर बसलात, माझ्या घशाकडे बघत बसलात, चेहऱ्याकडे नाही. माय, तू मंदामावशीकडे बघत बसलीस. महिनाभर तुम्ही एकमेकींना कागदामागून कागद लिहिलेत. केळझरला आलेले आणि तिथून जाणारे, सगळे मी वाचले. त्यात पुरणपोळी आहे, जीप आहे, चहा आहे, मानपान आहे. तुला कसं वाटतं मंजुषा, हे एकाही कागदावर नाही. तुमचं दोघींचं भांडण माझ्या पोटावरून चाललं होतं, आणि पोट माझं आहे.

यांनी दवाखान्यामागे एक खोली पाहिली आहे. बाळंतपण होईपर्यंत मी तिथे राहणार. गोळ्या माझ्या मी घेते, मला समोर बसणारं कोणी नको. मी बोलावल्याशिवाय दोघींनीही येऊ नका. आलात तर मी दार उघडणार नाही, आणि हे मी रागात लिहिलं असलं तरी राग उतरल्यावरही बदलणार नाही.

मंजुषा



वर्धा
८ जानेवारी १९९७

भागीरथाबाई,

कागद पाठवू नका म्हणाला होतात. तरी पाठवते आहे, आणि हा तुम्हाला घ्यावाच लागेल.

काल दुपारी मंजुषा मोकळी झाली. मुलगी आहे. हेमराज सकाळी धावत सेलूला आला आणि म्हणाला, "तिनं बोलावलं नाई आई, पण मले एकट्याले भेव लागून राह्यलं." मी आले. मला कोणी आत सोडलं नाही, मी सोडा म्हटलंही नाही. बाहेर बाकावर बसून होते. अडलं नाही, भागीरथाबाई. हे मी आधी लिहिते, कारण तुम्ही हे पत्र उघडताना मंदाबाईंनाच डोळ्यांपुढे आणलेलं असेल. अडलं नाही, पण नंतर रक्त जायला लागलं आणि एक बाटली आणखी चढवावी लागली. नर्सबाई पळत माझ्यासमोरून दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा चालत आल्या, तेव्हा मला कळलं की ती आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं रक्त कोणत्याही बाळंतिणीचं जातं, धडधाकट बाईला ते कळतही नाही. महिन्यापूर्वीच्या अंगाने ती यातून उठली नसती. म्हणजे तुमच्या घरात राहिली असती तर गेली असती, आणि माझ्या घरात राहिली असती तरी गेली असती. ती निघून आली म्हणून आहे.

चहाचं तुम्ही लिहिलंत ते खरं होतं. डॉक्टरीणबाईंसमोर मी मान खाली घातली होती, आणि घरी येऊन तुमच्यावर वर केली. हे मी माफी म्हणून लिहीत नाही, मला ती मागता येत नाही. झालं ते झालं असंही म्हणवत नाही. मला अजून राग आहे. रोज सकाळी तिच्यापुढे जाऊन बसणाऱ्या त्या बाईचा मला इतका राग येतो की तिला हाताने धरून उठवावंसं वाटतं.

संध्याकाळी नर्सबाईंनी मुलगी दोन मिनिटं माझ्या हातात दिली. कापडासकट दिली, तरी हाताला काही लागलं नाही. मी विचारलं, वजन किती? एक किलो नऊशे. रडते मात्र चांगली, दूध ओढते. वाढेल म्हणतात, वेळ लागेल म्हणतात. राहिलेलं किलोभर वजन आपण दोघींनी खाल्लं, भागीरथाबाई. तुम्ही भीतीने खाल्लं, मी तोऱ्याने.

उद्या सकाळच्या गाडीने या. बाकावर माझ्या शेजारी जागा आहे. आत जायचं की नाही ते तुम्ही-मी ठरवायचं नाही. तिला मी विचारून पाठवलं आहे, आणि अजून तिचं उत्तर आलेलं नाही.

सुमित्रा